बिडाच्या दोन चकत्या

रुग्णालयाच्या पत्राची आम्ही आठ महिने वाट पाहिली होती. आलं तेव्हा त्यात मोजून तीन ओळी होत्या. येत्या गुरुवारी दुपारी बारा वाजेपर्यंत रुग्णाला घेऊन मुंबईला हजर व्हावं. त्या वेळेपर्यंत न आल्यास खाट यादीतल्या पुढच्या रुग्णाला देण्यात येईल. खाली सही आणि शिक्का.

माझे यजमान खाटेवर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की त्यांचा श्वास अडत असे, म्हणून गेले कित्येक महिने ते बसूनच झोपत. लहानपणी सांधे सुजून येणाऱ्या तापात त्यांच्या हृदयाची एक झडप आखडून गेली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती शस्त्रक्रियेनं मोकळी केली तर माणूस पुन्हा कामावर उभा राहील, नाही तर पावसाळा काढणं कठीण. मी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "जायचं कशानं?"

कारण त्याच आठवड्यात रेल्वेचा संप सुरू झाला होता. आम्ही आकुर्डीला दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या बाजूला रेल्वेचे रूळ, पुढच्या बाजूला मुंबईचा रस्ता. एरवी गाड्यांच्या आवाजावर माझी शिकवायला शाळेत पोचायची घाई चालायची. आता रूळ गप्प होते आणि रस्त्यावर सकाळपासून ट्रक, एसटी आणि माणसं भरलेल्या टॅक्सींचा लोंढा होता.

मी पुणे स्टेशनला टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले. लोक ट्रंकांवर बसून होते, काही कालपासून. एका टॅक्सीवाल्यानं माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, पेशंट बसून येणार का झोपून?"

"बसून. पण पाय लांब करायला जागा लागेल."

"म्हणजे तीन सीटा. आणि वाटेत काही झालं तर?" तो खाली बघून म्हणाला, "आमची रोजीरोटी आहे त्या गाडीत. राग मानू नका."

यजमानांच्या कंपनीची रुग्णवाहिका कंपनीच्या हद्दीबाहेर जात नव्हती. एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. सोमवारी संध्याकाळी मी रिकाम्या हातानं परत आले तेव्हा दीर दारात बसले होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, माझी गाडी हाय की."

यजमान आतून म्हणाले, "तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मी चालत जातो."

दिरांची गाडी हा आमच्या घरातला थट्टेचा विषय होता. मोशीच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले हे दोघे भाऊ. थोरले लेथवर टर्नर, धाकटे अवजारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये. गावात कुणाकडे मोटार नव्हती तेव्हा दिरांनी कारखान्यातून मायदेशी परत जाणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरची लहानशी विलायती गाडी घेतली. ती मोशीपर्यंत चालत जाई आणि मोशीहून ढकलत येई असं यजमान म्हणत. पण त्या दिवशीची अडचण इंजिनाची नव्हती. अडचण ब्रेकची होती.

त्या काळी आपल्याकडच्या गाड्यांना पुढं-मागं ड्रमचेच ब्रेक असत. या गाडीच्या पुढच्या दोन चाकांना मात्र चकतीचे ब्रेक होते. चाकाबरोबर एक बिडाची चकती उघड्यावर फिरते आणि पाय दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. गाडीच्या मूळ चकत्या झिजून पातळ झाल्या होत्या. एकीला काठापासून आत जाणारी बारीक तडही होती. नव्या चकत्या देशात मिळत नव्हत्या. गावात फिरायला त्या चालत होत्या. खंडाळ्याचा घाट उतरायला नाही.

पण दीर हात बांधून बसणारे नव्हते. दोन-तीन महिने त्यांचं नव्या चकत्यांचं काम चाललं होतं. चिंचवडच्या एका ओतकाम करणाऱ्या मित्राकडून त्यांनी बिडाचे दोन जाड गोल ठोकळे ओतून घेतले होते आणि जेवणाच्या सुटीत टूलरूमच्या लेथवर ते कातले होते. फोरमन तेवढा वेळ पाठ करून डबा खात असे. या चकत्या मूळ चकत्यांपेक्षा जाड होत्या. आणि त्यांना भोकं होती.

ती भोकं माझ्यामुळे पडली. पुण्याच्या ग्रंथालयातून मी एक जुनं इंग्रजी मासिक आणलं होतं. त्यात शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं, चकतीला गोल ओळींनी पाडलेली भोकं दिसत होती. दिरांनी बोट ठेवून विचारलं होतं, "वहिनी, ह्या भोकांचं काय लिवलंय?" मी वाचून सांगितलं: भोकांतून वारा खेळतो, चकती तापत नाही, लांब उतारावर ब्रेक हातचे जात नाहीत. ते लगेच म्हणाले, "मग आपण बी पाडू." प्रत्येक चकतीला चोवीस भोकं त्यांनी पाडली, इतकी सारखी की यजमानांनी त्यातून बोटं फिरवून नुसतं "हं" म्हटलं होतं. भावाच्या कामाला त्यांच्याकडून एवढंच मिळत असे आणि दिरांना ते पुरत असे.

मंगळवारी दुपारी पाळी संपवून दीर आले. घरासमोरच गाडी उभी करून त्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढचा भाग जॅकवर उचलला आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. यजमानांची खुर्ची मी दारात ठेवली. माझ्या हातात गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं. त्या परदेशी माणसानं किल्लीबरोबर तेही दिलं होतं. माझं काम एक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा.

जुन्या चकतीचे बोल्ट गंजून बसले होते. पहिला सुटायला पाऊण तास गेला. दिरांच्या हातातून पाना निसटून बोटाची सालटी निघाली तेव्हा यजमान म्हणाले, "रॉकेल सोड आणि बिडी ओढ. त्याला वेळ लागतो, तुला घाई आहे."

"घाई मला हाय व्हय? बारा वाजायची घाई कुणाला हाय?"

"मला नाही. मी काय, बसलोय."

नवी चकती बसवल्यावर ती डुलते का हे बघायचं होतं. दिरांनी टूलरूममधून सुईचं मापयंत्र, ज्याला ते सगळे नुसतं 'डायल' म्हणत, फडक्यात गुंडाळून आणलं होतं. यजमानांना खुर्चीतून सुई दिसेल असं ते लावलं. दीर चकती हातानं हळूहळू फिरवत होते आणि यजमान सुईवर डोळा लावून बसले होते. कामावरून उतरल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. श्वास तेवढा वेळ शांत झाला होता की मलाच ऐकू येत नव्हता, कोण जाणे.

"सुईची दोन घरं डुलतीय," ते म्हणाले.

दिरांनी चकती सोडून एक बोल्ट पुढं फिरवून बसवली. "आता?"

"एक घर. राहू दे."

"एक घर बी नको."

"अरे, मुंबईला जायचंय. घड्याळ बनवतोयस का?"

तरी दिरांनी तिसऱ्यांदा बसवली. सुई हलली नाही. यजमान म्हणाले, "हं."

मग मी पुढचा परिच्छेद वाचला. नव्या चकतीवर कारखान्यातून गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. पॅड बसवण्याआधी तो स्पिरिटनं पूर्ण धुऊन काढावा. दिरांनी हात हलवला. "ते परदेशातून खोक्यात येणाऱ्या चकतीला. आपली घरची हाय, हिला कुणी थर दिलाय? पुढं वाचा." मीही पुढं वाचलं. तो परिच्छेद मी स्वतःच्या तोंडानं वाचला होता, हे मला नंतर विसरता आलं नाही.

अंधार पडायच्या आत दुसऱ्या बाजूची चकतीही बसली. पॅड बसवायचं काम बुधवारवर राहिलं. जुने पॅड झिजून संपले होते आणि नवा जोड एकच होता. तोही त्या परदेशी माणसानं डिकीत ठेवलेला, मेणकागदात गुंडाळलेला. दीर तो उशाशी घेऊन झोपायला मोशीला गेले.

बुधवारी त्यांची पहिली पाळी होती. ते दुपारी येणार होते. गाडी ठोकळ्यांवर, चाकं भिंतीला टेकून, चकत्या उघड्या. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, वळवाची हवा, अंगाला चिकट. यजमान रात्रभर खोकून आता कुठं खुर्चीत डुलकी घेत होते. मी बाहेर आले आणि चकतीकडे पाहिलं. काल आरशासारख्या असलेल्या पृष्ठभागावर तांबूस झाक चढली होती. बोट फिरवलं तर बोटाला लागली.

टर्नरच्या घरात बारा वर्षं काढलेल्या बाईला ती झाक बघवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला पुस्तकांखेरीज कशालाच नीट हात लावता येत नव्हता. यजमानांनी मला जे शिकवलं त्यातलं पहिलं हेच: कातलेलं लोखंड उघडं ठेवायचं नाही. लेथ बंद केली की तिला तेलाचा हात, मगच डबा. आमच्या घरात विळीचं पातं, कात्री, सांडशी, सगळ्याला तेलाचा हात असे. ते आजारी पडल्यावर त्यांच्या अवजारांच्या पेटीला दर रविवारी मीच तेल लावत होते. ते खाटेवरून बघत आणि म्हणत, "कोपरे राहिले."

मी कपाटामागून त्यांचा डबा काढला. कंपनीतलं गंजावरचं तेल, मधासारखं दाट. चकतीच्या दोन्ही बाजूंना फडक्यानं लावलं. मग भोकं दिसली. गंज धरतो तो कोपऱ्यात आणि भोकात, हे मला पाठ होतं. फडकं आत जाईना, म्हणून मी कापसाची वात वळली, ती स्वेटरच्या सुईवर गुंडाळली आणि तेलात बुडवून प्रत्येक भोकात फिरवली. एका चकतीची चोवीस, दुसरीची चोवीस. एकही सोडलं नाही. मला आठवतं, ते करताना मला महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं होतं. वाटलं, मीही काही करते आहे, नुसती वाचून दाखवत नाही.

तीन-साडेतीनला दीर आले. चकत्यांवर तेलाचा हात दिसला तसा त्यांनी खिशातलं फडकं काढून दोन्ही बाजू कोरड्या पुसल्या. विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यंत्रावर तेल असतंच, काम सुरू करताना ते पुसायचंच असतं, दोघांच्याही घरची तीच रीत. भोकांत कुणी बघितलं नाही. चकत्या जाड असल्यामुळे पॅड बसेनात; दिरांनी आतला दट्ट्या पाचरीनं मागं रेटला आणि पॅड काड्यापेटीच्या काडीएवढ्या फटीतून सरकवले. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायला मला गाडीत बसवलं.

"दाबा. धरा. धरा म्हटलं की! आता सोडा."

"भाऊजी, माझा पाय थरथरतोय."

"थरथरू द्या. शाळेतली पोरं समजून दाबा."

यजमान हसले आणि हसण्यातच खोकला आला. संध्याकाळी दिरांनी गल्लीत गाडी दहा-वीस पावलं पुढं-मागं नेऊन दाबून बघितली. गाडी जागच्या जागी थांबत होती. "बघा वहिनी," ते म्हणाले, "आता घाट काय, भिंतीवरनं उतरवतो."

गुरुवारी साडेपाचला निघालो. यजमान मागच्या सीटवर उशांच्या मध्ये बसले होते, त्यांचं मनगट सुजल्यामुळे घड्याळ माझ्या हातात होतं. मी त्यांच्या शेजारी. निगडीपर्यंत रस्ता मोकळा होता. देहूरोडला दोन-तीनदा ब्रेक लावावा लागला. प्रत्येक वेळी दिरांनी पाय जरा लवकर ठेवला असं मला वाटलं. पुढं घोरावड्याच्या डोंगराखाली उतार लागला. आमच्या पुढं काही अंतरावर एसटी उभी होती, लोक उतरून रस्त्यातच सामान काढत होते. दिरांनी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली नाही. त्यांनी आणखी दाबला. मला त्यांचा पाय दिसत होता. पेडल दगडासारखं घट्ट होतं, खाली जात नव्हतं, त्यांचं सगळं अंग सीटवरून उचललं गेलं होतं आणि गाडी आपली चालली होती.

"भाऊजी," मी म्हणाले.

त्यांनी हाताचा ब्रेक ओढला आणि गाडी रस्त्याच्या कडेनं शेतात घातली. नुकतीच नांगरट झालेली होती. ढेकळांनी गाडीला धरलं. यजमान पुढच्या सीटवर आपटले आणि उशा माझ्या अंगावर आल्या.

काही वेळ त्यांच्या श्वासाखेरीज मला काही ऐकू येत नव्हतं. मग शेताचा मालक आला, खांद्यावर घोंगडी. "आवं, रस्ता सोडून हिकडं कशापायी?"

दीर खाली उतरले होते. म्हणाले, "नांगरट बघायला."

"मग बघा. ढेकळं फोडायला बी लागा." तेवढं म्हणून त्यानं आत डोकावलं, यजमानांना पाहिलं, आणि एसटीतल्या चार माणसांना हाक मारून आणलं. त्यांनी गाडी ढकलून रस्त्याच्या कडेला आणली. मी घड्याळ पाहिलं. सव्वासहा.

दिरांनी चाक काढलं. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे फराटे उडाले होते. ते वाकून बघत राहिले. चकती फिरली, तापली, आणि भोकांतलं दाट तेल पातळ होऊन बाहेर आलं होतं. पॅडनी ते पिऊन घेतलं होतं. मासिकात जी भोकं वारा खेळवत होती ती आमच्या गाडीत तेल पुरवत होती.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्या भोकांत तेल कुणी घातलं?"

"मी."

गाडीतून यजमानांचा आवाज आला, तुटक, एकेका शब्दाला थांबून. "सगळ्या भोकांत?"

"हो."

"एक बी सोडलं न्हाई?"

"नाही."

यजमान हसू लागले. तोंड उघडून, आवाज न करता, छातीवर हात दाबून. "मीच शिकवलंय तिला," ते म्हणाले. "कोपरे राहिले नाहीत या वेळेला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला त्या हसण्यापेक्षा शिवी बरी वाटली असती.

पुढं हाकेच्या अंतरावर एक चहाची टपरी होती. दीर दोन्ही चाकांचे पॅड आणि चकत्या सोडवून घेऊन पळत गेले. स्पिरिट नव्हतं. चकत्या त्यांनी रॉकेलनं आणि धुण्याच्या सोड्यानं घासल्या, भोकं काडीनं साफ केली. पण पॅड आतपर्यंत मुरले होते. त्यांनी ते टपरीवाल्याच्या स्टोव्हवर ठेवले, तेल जाळून काढायला. काळा धूर निघाला. टपरीवाला ओरडत होता, "राव, माझं दूध नासंल, काय मटण भाजताय का?" मी मधल्या रस्त्यावर उभी होते, एका बाजूला गाडी, एका बाजूला धूर. आठ वाजले. साडेआठला धूर थांबला. दिरांनी पॅड सांडशीनं उचलले आणि त्यातल्या एकाचं घासणारं अस्तर मागच्या पत्र्यापासून सुटून स्टोव्हवर पडलं. दोन तुकडे झाले.

ते तसेच खाली बसले. टूलरूममधल्या माणसाचे हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर आम्ही हात करून गाड्या थांबवू लागलो. टॅक्सीवाले बघत नव्हते. भरलेल्या गाड्यांतली माणसं आमच्याकडे बघून मान फिरवत होती. मी पत्र हातात धरलं होतं, शिक्का बाहेर दिसेल असं. कुणाला वाचता येणार होतं धावत्या गाडीतून? दहा वाजता चाकणहून कांदे घेऊन निघालेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खेडकडचा, चेहरा सगळा धुळीनं भरलेला. त्यानं दीर काय सांगतात ते अर्धंच ऐकलं. "चढवा त्यांना. पुढं बसू द्या माझ्याशेजारी. पण पोरी, माझा ट्रक भरलाय. घाटात मुंगीच्या पावलानं जाईन. आधी सांगतो."

दिरांनी यजमानांना दोन्ही हातांवर उचलून वर बसवलं. त्या वेळी ते किती हलके झाले आहेत हे मला दिसलं, आणि दिरांनाही. दीर गाडीपाशी राहिले.

खंडाळ्याच्या घाटात वाहनांची रांग लागली होती. ड्रायव्हरनं खालचा गियर घातला होता, ट्रक गुरगुरत एकेक वळण उतरत होता. माझं लक्ष सारखं त्याच्या पायाकडे जात होतं. यजमानांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, ओठ निळसर.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

घड्याळात बाराला दहा कमी होते. मी म्हटलं, "साडेदहा."

ते बराच वेळ काचेतून बाहेर बघत राहिले. पुढं वळणावर एक माणूस चालला होता. "त्याची सावली बघ," ते म्हणाले. "पायाखाली हाय." मग त्यांनी डोळे मिटले. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यानं उगाचच भोंगा वाजवला, लांब.

त्या माणसानं आम्हाला पनवेलला न सोडता, कांदे तसेच ठेवून, रुग्णालयाच्या दारापर्यंत नेलं. चार वाजले होते. खिडकीतल्या कारकुनानं यादीवर बोट फिरवलं. तो वाईट माणूस नव्हता. "सव्वाबारापर्यंत थांबलो आम्ही," तो म्हणाला. "संप आहे, आम्हालाही कळतं. पण बाकावर दुसरा पेशंट बसून होता."

"बाई उभ्या आहेत, त्यांना खुर्ची द्या," मागून कोणी तरी म्हणालं. मी बसले नाही. मी विचारलं की तो पेशंट कुठं आहे. का विचारलं ते मला आता सांगता येत नाही. वॉर्डाच्या दारातून मला खाटेवरचा एक मध्यमवयीन माणूस दिसला, त्याचे पाय पांढऱ्या चादरीखाली. त्याची बायको त्याच्या उशाशी लिंबं मांडत होती. मी आयुष्यात कुणाचा एवढा द्वेष केला नव्हता.

पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पाणी उतरवलं, काही दिवस व्हरांड्यातल्या खाटेवर ठेवून घेतलं. संप मिटल्यावर आम्ही आगगाडीनं परत आलो, बसायला जागा मिळून.

मोशीच्या घरी आणि कंपनीत दिरांनी सांगितलं की चकती तडकली. "माझं काम कच्चं निघालं," म्हणाले. टूलरूममध्ये सगळे त्यांना पुढं कितीतरी दिवस विचारत, "काय राव, भोकं मोजून पाडली होती का अंदाजानं?" ज्या माणसानं सुईचं एक घरही सोडलं नव्हतं त्यानं ते ऐकून घेतलं. यजमानांनीही त्यांना खोडलं नाही. दोघा भावांनी हे आपसांत कधी ठरवलं, मला माहीत नाही. मी गप्प राहिले.

यजमान तारखेच्या पंधरा दिवस आधी गेले. सकाळी, खुर्चीत, मी शाळेला निघायच्या बेतात असताना. माझ्या हातात डबा होता.

तेराव्याला पाहुण्यांसमोर कोणी तरी दिरांकडे बघून म्हणालं की पोरानं गाडीचा नाद केला नसता तर भाऊ वाचला असता. मी उठले आणि बोलायला तोंड उघडलं. दिरांनी मला स्वयंपाकघरात नेलं. "वहिनी, गप्प बसा."

"भाऊजी, मी घातलं तेल. मी."

"पुसलं कुणी? पॅड कुणी बसवले? भोकात डोळा घालायला मला काय झालं हुतं?" त्यांचा आवाज चढला होता, मग तो खाली आला. "तुमी येळेवर पोचला असता तरी दादा वाचला असता का नसता, डॉक्टरला बी ठाव न्हाई. लोक मला बोलतात तर बोलू द्या. तुमाला ह्या लोकांत राहायचंय."

मी ते ऐकलं. त्यांचं ऐकणं मला सोपं पडलं, हे खरं आहे. दीर हयात असेपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. आता सांगते, कारण त्यांचं काम कच्चं नव्हतं. त्या चकत्यांसारखं काम मी नंतर कुठंही पाहिलं नाही.

तारखेच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेले. खिडकीत तोच कारकून होता. मी पत्र पुढं केलं आणि सांगितलं की ही जागा आता नको आहे.

त्यानं मला ओळखलं. चष्मा काढून त्यानं यादीवर ठेवला. "कार्ड टाकलं असतंत तरी चाललं असतं, बाई. एवढ्या लांब..."

"कार्ड उशिरा पोचलं असतं तर खाट आजचा दिवस रिकामी राहिली असती."

त्यानं आमच्या नावावर एक रेघ मारली आणि खालच्या नावापुढं खूण केली. बाहेर बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. मुलगी विशी-बाविशीची, मानेच्या शिरा उडताना दिसत होत्या, नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली होती. बसूनच झोपायची सवय झालेलं माणूस मी कुठंही ओळखलं असतं. मी त्यांच्या शेजारी टेकले.

नवरा म्हणाला, "आमी तीन दिसापासनं हितं बसलोय. कोण आलं न्हाई तर घेतो म्हणालेत. तुमचा पेशंट आत हाय का?"

"नाही. आमची तारीख होती आजची. ती सोडली."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "सोडली? बरं वाटलं का त्यांना?"

मुलीनंही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ती उत्तराची वाट पाहत होती.

"हो," मी म्हटलं. "बरं वाटलं."

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. त्यानं पिशवी काखेत मारली, तिला उभं केलं. तिची एक चप्पल बाकाखाली गेली होती. मी वाकून ती काढली आणि तिच्या पायाजवळ ठेवली, आणि तिनं माझ्या डोक्यावर हात टेकवून, तोल सांभाळत, पाय आत सरकवला.